स्वस्तातलं ‘डिझेल’ गाडीच्या टाकीत जाऊ नये म्हणून: मालकाने काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासावं

हा लेख दोन-चार ट्रक, टेम्पो किंवा बस चालवणाऱ्या मालकांसाठी आणि त्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांसाठी आहे. मी स्वतः ट्रान्सपोर्टवाल्यांची खातेवही सांभाळतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी घाबऱ्या आवाजात फोन करतो: गाडी अडवली आहे, टाकीतल्या तेलाचा नमुना घेतलाय, आता काय? बहुतेक वेळा तोवर बिल फाटलेलं असतं, फिल्टर भंगारात गेलेला असतो आणि मालकाकडे दाखवायला एकही कागद नसतो.

प्रश्न कर बुडवलेल्या तेलाचा आहे. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात हा व्हॅट २१ टक्के आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत तो जुलै २०२४ मध्ये २४ वरून २१ वर आला. हे दोन्ही कर चुकवायचे म्हणून बेस ऑइल, इंडस्ट्रियल ऑइल, रॉकेल यांचं मिश्रण करून ‘बायोडिझेल’, ‘एलडीओ’ (लाइट डिझेल ऑइल) किंवा नुसतंच ‘माल’ म्हणून ढाब्यामागे, गोदामात, टँकरच्या आडोशाला विकलं जातं.

ब्रिटनमध्ये शेतीचं कमी कराचं डिझेल लाल रंगाचं असतं. टाकीत नळी घातली की ट्रकवाला पकडला जातो. आपल्याकडे निळा रंग फक्त रेशनच्या रॉकेलला. कोकणात मच्छीमार संस्थांच्या पंपावर ज्या डिझेलवरच्या व्हॅटचा बोटमालकांना परतावा मिळतो, ते डिझेलही दिसायला तुमच्याआमच्यासारखंच. डोळ्यांनी काही कळत नाही, म्हणून मुख्य तपासणी कागदाची आणि घनतेची.

टप्पा १ : गाडी निघण्याआधी

सुरुवात पंपावर नाही, ऑफिसात होते. आधी ट्रिपचा हिशेब कसा लावता ते पाहा. अनेक मालक ड्रायव्हरला डिझेलचे पैसे उक्ते देतात: पुणे-इंदूर जाऊन येऊन इतके हजार, उरलं तर तुझं. मग ढाब्यावर लिटरमागे पंधरा-वीस रुपये स्वस्त मिळालं की ड्रायव्हर तिथे थांबणारच. त्याला चोर म्हणून उपयोग नाही, ती सोय तुम्हीच करून दिली आहे.

१. उक्तं बंद करा. तेल कंपनीचं फ्लीट कार्ड घ्या, नाहीतर पंपाशी खातं ठेवा. रोख फक्त अडीअडचणीला, आणि तिचंही बिल हवंच.

२. ड्रायव्हरचा फायदा काढून घेऊ नका, त्याची जागा बदला. ठरलेल्या अ‍ॅव्हरेजपेक्षा चांगलं अ‍ॅव्हरेज दिलं तर बक्षीस द्या. अ‍ॅव्हरेज काढताना टाकी फुल ते टाकी फुल असंच काढा. काट्यावरून काढलेल्या अ‍ॅव्हरेजवर भांडणंच होतात.

३. प्रत्येक मार्गावरचे दोन-तीन पंप ठरवून ड्रायव्हरला लिहून द्या. ‘चांगल्या पंपावर भर’ या सूचनेला काही अर्थ नाही.

४. केबिनमध्ये एक फाइल ठेवा. त्यात शेवटच्या दहा भरण्यांची बिलं. थर्मल कागदावरची शाई उन्हात महिन्याभरात उडते, म्हणून प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी ऑफिसच्या नंबरवर.

*तपासा: आत्ता, या क्षणी, तुमच्या कुठल्याही एका गाडीच्या टाकीतलं तेल कुठून आलं हे कागदावर दाखवता येईल का? येत नसेल तर पुढचे टप्पे वाचण्याआधी हे दुरुस्त करा.*

टप्पा २ : बिल वाचा, नुसतं ठेवू नका

पुष्कळ लोक बिलावरची रक्कम पाहतात आणि घडी घालतात. पंपाच्या बिलावर पंपाचं नाव आणि पत्ता, व्हॅटचा नोंदणी क्रमांक, तारीख-वेळ, नोझल, लिटर, दर आणि गाडी नंबर असायला हवा. गाडी नंबर बहुतेक वेळा रिकामा असतो किंवा तिथे ‘एन्टर न केलेला’ असा काहीतरी शेरा छापून येतो. तो ड्रायव्हरने आग्रहाने टाकून घ्यायचा. नंबर नसलेलं बिल कुठल्याही गाडीचं असू शकतं, आणि अडचणीच्या वेळी समोरचा अधिकारी पहिलं वाक्य हेच बोलतो.

आता सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी. डिझेलच्या बिलावर जीएसटी असू शकत नाही. कुणी ‘डिझेल’ म्हणून तेल दिलं आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीच्या ओळी असतील, तर ते डिझेल नाही. विक्रेता म्हणेल, बघा, पक्कं बिल देतोय, कर भरलेला माल आहे. बिल पक्कं असेलही, पण ते वेगळ्याच वस्तूचं आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाने अशी चौदा बिलं नीट फाइल करून ठेवली होती, वर ‘डिझेल खर्च’ अशी चिठ्ठी लावून. बिलावर मात्र ‘इंडस्ट्रियल यूज ओन्ली’ असं छापलेलं. ती फाइल त्याच्या बाजूचा पुरावा ठरली नसती, विरुद्धचा ठरली असती.

बायोडिझेलचं प्रकरण जरा वेगळं आहे. खरं बायोडिझेल कायदेशीर आहे. केंद्राने ३० एप्रिल २०१९ रोजी त्याच्या विक्रीची मार्गदर्शक तत्त्वं राजपत्रात आणली, आणि त्यात ही विक्री डिझेलमध्ये मिसळण्यासाठी आहे. त्याला जीएसटी लागतो, वस्तूचा कोड ३८२६. विक्रेत्याकडे त्यासाठीची नोंदणी हवी आणि माल आयएस १५६०७ या मानकाचा हवा. यांपैकी एकही कागद न दाखवता नुसता ‘बायोडिझेल’ असा फ्लेक्स लावलेला असेल तर गाडी वळवा.

*सावधान: ‘बिल नंतर देतो’, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो’, ‘कुठल्या नावाने हवं ते सांगा’ यांपैकी एक वाक्य ऐकलं तरी नोझल टाकीत जाऊ देऊ नका.*

टप्पा ३ : घनता तपासणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

पहिली चूक फिल्टर पेपरची. कागदावर थेंब टाकायचा आणि डाग राहतो का बघायचं, ही तपासणी पेट्रोलची आहे. डिझेल शुद्ध असलं तरी कागदावर तेलकट डाग राहतोच. तो डाग दाखवून पंपावर आरडाओरडा करणारे मालक मी पाहिले आहेत. मॅनेजर हसतो, आणि नंतर तुमची खरी तक्रारही कुणी मनावर घेत नाही.

दुसरी चूक पाच लिटरच्या मापाची. ते माप तेल कमी येतंय का एवढंच सांगतं. तेल कसलं आहे ते सांगत नाही.

डिझेलसाठी पंपावर मागायची ती घनतेची तपासणी. पंपावर ५०० मिलीचा काचेचा जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तापमानानुसार घनता काढायचा तक्ता असतो. त्या दिवशीची १५ अंश तापमानाला धरलेली घनता (एका घनमीटरला किती किलो) पंपाने फलकावर लावलेली असते. क्रम असा:

१. नमुना नोझलमधून घ्या. तुमच्या टाकीत आधीचं तेल असतं, त्या मिश्रणाची घनता पंपाविरुद्ध काही सिद्ध करत नाही.

२. जार आधी त्याच तेलाने विसळा. आत पाण्याचे थेंब नकोत.

३. जार सपाट जागेवर, सावलीत, पंख्यापासून आणि वाऱ्यापासून दूर. बहुतेक जण तो नोझलशेजारी भर उन्हात धरतात.

४. थर्मामीटर घालून हळू ढवळा, पारा स्थिर होऊ द्या. तापमान लिहा.

५. हायड्रोमीटर अलगद सोडा, भिंतीला टेकू देऊ नका. तरंगणं थांबलं की डोळे तेलाच्या पातळीत आणून आकडा वाचा. वरून वाकून वाचलं की आकडा चुकतो.

६. तक्त्यावरून १५ अंशांची घनता काढा आणि मगच फलकावरच्या आकड्याशी ताडा.

सहावी पायरी वगळल्याने काय होतं ते सांगतो. मे महिना, दुपारचे दोन. फलकावर ८२९. हायड्रोमीटरवर आलं ८१६. ड्रायव्हरने तिथल्या तिथे मालकाला फोन लावला, ‘रॉकेल आहे शेठ, तेरा पॉइंट कमी आहे.’ थर्मामीटरवर ३४ अंश होते. डिझेलची घनता एका अंशाला साधारण ०.७ ने उतरते. १५ पासून ३४ पर्यंत १९ अंश, म्हणजे सुमारे १३. ८१६ मध्ये १३ मिळवा: ८२९. तेल तंतोतंत बरोबर होतं. ०.७ हा तोंडी अंदाज आहे, शेवटचा आकडा तक्त्यावरूनच घ्या.

१५ अंशांना आणलेला आकडा आणि पंपाचा आकडा यांत अधिक-उणे ३ पर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर दुसरा नमुना घेऊन पुन्हा करा. दोन्ही वेळा तोच फरक आला तर भरू नका, आकडे पंपाच्या तक्रार-वहीत लिहा आणि पानाचा फोटो काढा.

‘बायोडिझेल’ म्हणून विकलं जाणारं तेल मात्र घनतेत सहज पकडलं जातं. खऱ्या बायोडिझेलची घनता १५ अंशांना ८६० ते ९०० मध्ये असते. ढाब्यामागचं ‘बायो’ ८३० दाखवत असेल तर ते बायोडिझेल नाही, एवढं नक्की.

*सावधान: घनता जुळली म्हणजे तेल शुद्ध, असं नाही. जड बेस ऑइल आणि हलकं रॉकेल हिशेबाने मिसळलं की घनता बरोबर डिझेलची आणता येते. घनतेवरून तेल नापास ठरवता येतं, पास ठरवता येत नाही. खरं चित्र प्रयोगशाळेत गंधक, ज्वलनांक आणि ऊर्ध्वपातन तपासल्यावरच कळतं. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखात जास्तीत जास्त १० भाग चालतो. मिश्रणं बहुधा तिथेच उघडी पडतात.*

टप्पा ४ : आवारातली बॅरलं

यार्डात तेल साठवत असाल तर वेगळं लक्ष हवं. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवान्याशिवाय साठवता येतं. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या असतात. २,००० लिटरची एकच टाकी बसवली आणि ‘आपण अडीच हजाराच्या आत आहोत’ म्हणून निश्चिंत राहिलेले कितीतरी आहेत. ते नियमाबाहेर आहेत. त्यापुढच्या साठ्याला परवाना लागतो. मोठ्या टाकीचा परवाना ‘पेसो’ ही पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था देते. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

आणि साठवलेलं तेल शेजारच्याला, भावाच्या गाडीला, ओळखीच्याला विकू नका. ‘अडला होता म्हणून दिलं’ याची नोंद तपासणीत विक्री म्हणूनच होते. जनरेटरसाठी म्हणून आणलेलं स्वस्त तेल गाडीच्या बॅरलशेजारी ठेवू नका. रात्री क्लीनर पंप कुठल्या बॅरलमध्ये घालतो ते तुम्ही बघायला जात नाही.

*तपासा: प्रत्येक बॅरलवर बिल नंबर आणि तारीख खडूने नव्हे, रंगाने लिहिलेली आहे का?*

टप्पा ५ : पथकाने गाडी थांबवली तर

नमुना कोण घेऊ शकतो आणि कसा, हे पेट्रोल-डिझेलच्या पुरवठ्याबाबतच्या २००५ च्या केंद्रीय आदेशात लिहिलेलं आहे. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली निघाला आहे. केंद्र किंवा राज्याचा अधिकार दिलेला राजपत्रित अधिकारी, उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकृत पोलिस अधिकारी, किंवा तेल कंपनीचा सेल्स ऑफिसर व त्यावरचा अधिकारी नमुना घेतो. रस्त्यावरच्या हवालदाराशी यावरून वाद घालू नका. तो गाडी थांबवून वरिष्ठांना बोलावू शकतो. ड्रायव्हरने ओळखपत्र नम्रपणे विचारायचं, नाव आणि हुद्दा लिहून घ्यायचा, एवढंच.

मग हे पाहायचं:

१. नमुना स्वच्छ अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात घेतला जातोय ना. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत घेत असतील तर पंचनाम्यात ‘प्लास्टिक बाटलीत घेतला’ असं लिहून मागा. अडवू नका, नोंद करून घ्या.

२. डिझेलचे एक-एक लिटरचे तीन नमुने. एक तुम्हाला पोच घेऊन मिळतो, एक खात्याकडे किंवा कंपनीकडे राहतो, एक प्रयोगशाळेत जातो. तुमचा नमुना मागून घ्या. ड्रायव्हर घाबरून सही करतो आणि डबा तिथेच सोडून येतो. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

३. लेबलवर अधिकाऱ्याची आणि तुमच्या माणसाची, दोघांची सही. कोऱ्या लेबलवर सही नाही. सीलचा क्रमांक वहीत.

४. केबिनमधल्या फाइलमधलं शेवटचं बिल दाखवा, त्याची झेरॉक्स द्या आणि पंचनाम्यात उल्लेख करून घ्या. मूळ बिल हातातून सोडावंच लागलं तर पोच घ्या.

पुढचं वेळापत्रक आदेशातच आहे: नमुना दहा दिवसांत प्रयोगशाळेकडे, तिथून अहवाल वीस दिवसांत, आणि अहवाल मिळाल्यावर पाच दिवसांत तो तुम्हाला कळवायचा. कॅलेंडरवर या तीन तारखा टाका. तारीख टळली की लेखी विचारणा करा आणि त्या पत्राची पोच ठेवा. तुमच्याकडचा डबा सावलीत, कुलपात. सील तुटलं की त्याची किंमत शून्य.

विषय गंभीर का, तर जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ७ खाली तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कलम ६अ खाली जप्त माल व तो वाहून नेणारी गाडी सरकारजमा होऊ शकते. दुसऱ्याचं तेल भाड्याने वाहणाऱ्या मालकांनी एक लक्षात ठेवा: आपल्याला, ड्रायव्हरला किंवा एजंटला माहिती नव्हती आणि प्रत्येकाने आवश्यक ती काळजी घेतली होती, हे मालकाने दाखवलं तर गाडी वाचू शकते. ‘काळजी घेतली’ हे बोलून सिद्ध होत नाही. टप्पा १ मधले कागद तिथे लागतात. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर न देणं ही सगळ्यात महाग चूक. सरकारजमा करण्याचा आदेश झालाच तर अपिलाला एक महिना असतो. इथून पुढे वकील हवाच.

टप्पा ६ : चुकीचं तेल भरलंच असेल तर

लक्षणं ओळखीची आहेत: गाडी ओढत नाही, धूर, फिल्टर लवकर चोंदणं, बीएस-६ गाडीत डॅशबोर्डवर डीपीएफचा (धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरचा) दिवा. लोक इथे एकच करतात: उरलेल्या टाकीत चांगलं डिझेल ओतून ‘पातळ’ करतात. त्याने इंजिन वाचत नाही आणि पुरावा मात्र जातो.

१. इंजिन बंद. ‘गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणून चालवू नका, टो करा. बीएस-६ चे इंजेक्टर हा काही शे रुपयांचा भाग नाही.

२. किलोमीटर आणि काट्याचा फोटो.

३. टाकी रिकामी करण्याच्या आधी खालच्या ड्रेनमधून दोन स्वच्छ धातूच्या डब्यांत एक-एक लिटर काढा. तारीख, गाडी नंबर, शेवटच्या भरण्याचं ठिकाण, मेकॅनिकची सही. एक डबा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला द्या.

४. मगच टाकी उपसा, तीही बॅरलमध्ये. नाल्यात किंवा मातीवर नाही. ते तेल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्यालाच द्या.

५. जुना डिझेल फिल्टर पिशवीत बांधून ठेवा. वॉरंटीच्या भांडणात तो बोलतो.

तुम्ही स्वतः काढलेल्या नमुन्याला सरकारी नमुन्याचं वजन नाही. पण गाडीच्या कंपनीशी वॉरंटीसाठी किंवा पंपाशी ग्राहक आयोगात भांडायचं झालं तर तो उपयोगी पडतो.

टप्पा ७ : तक्रार कुठे

तेलाच्या दर्जाची तक्रार तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेकडे किंवा जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे. मुंबईत नियंत्रक शिधावाटप यांच्याकडे. पंप कंपनीचा असेल तर त्या कंपनीच्या विभागीय कार्यालयालाही प्रत. वैधमापन खातं माप कमी भरल्याच्या तक्रारीसाठी. तिथे दर्जाचा अर्ज दिला तर तो फिरत राहतो. ढाब्यामागचा अड्डा असेल तर पुरवठा अधिकाऱ्याबरोबर पोलिसांनाही लेखी कळवा.

अर्जात ठिकाण, तारीख-वेळ, टँकर किंवा गाडीचा नंबर, सांगितलेला दर आणि तुमच्याकडचा कागद एवढंच लिहा. कुणाची माणसं आहेत वगैरे ऐकीव गोष्टी नकोत.

*सावधान: अड्ड्यावर जाऊन व्हिडिओ काढू नका, जाब विचारू नका. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ अडवायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे जिवंत जाळलं गेलं. ते सरकारी अधिकारी होते. तुमच्या ड्रायव्हरजवळ फक्त मोबाइल आहे.*

अर्जाची आवक क्रमांकासह पोच घ्या. पंधरा दिवसांत काही हालचाल झाली नाही तर माहिती अधिकारात ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर केलेली कार्यवाही’ एवढंच विचारा. जास्त प्रश्न घातले की उत्तर त्यातल्या सोप्या प्रश्नाचंच येतं.